हातमोजे मोजा

मागच्या हिवाळ्यात बर्फातल्या एका दिवसाच्या भटकंतीसाठी मी नीट कागदावर यादी केली होती. त्यात 'हातमोजे' असा शब्द होता. आदल्या रात्री सॅक भरताना हातमोजे समोर खुर्चीवर दिसले, मी शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि झोपायला गेलो. घोटाळा तिथेच झाला. कागदावर 'हातमोजे, दोन जोड्या' असं लिहायला हवं होतं. दुसरी जोडी ओली होती म्हणून खिडकीशी वाळत घातली होती. ती वाळत राहिली आणि मी डोंगरावर गेलो. पुढे काय झालं ते सांगतोच, तोवर कुठेतरी लिहून ठेवा: दोन जोड्या. दोन नग नव्हे, दोन जोड्या.

टेकड्या बऱ्याच चढल्यात, पण बर्फातून चालायची वेळ पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा येतेय, अशांसाठी हे लिहितोय. दोर लावून चढायची शिखरं, तंबूतला मुक्काम वगैरे इथे नाही. सकाळी निघायचं, उजेडात परतायचं, एवढंच. या 'एवढंच'मुळेच माणसं फसतात. उन्हाळ्यात गप्पा मारत पार होणारी वाट बर्फाखाली गेली की ती वेगळीच वाट असते.

सामानाच्या आधी घड्याळ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. म्हणजे १२ किलोमीटरची, ६०० मीटर चढाची वाट साडेतीन तासांत व्हावी. हा हिशेब कोरड्या वाटेचा, न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. घोट्याएवढ्या बर्फात मी दीडपट धरतो. गुडघ्याएवढा भुसभुशीत बर्फ असेल आणि वाट फोडणारे आपणच असू, तर दुप्पट धरूनही कमी पडतं. मग सूर्यास्ताच्या दोन तास आधी खाली पोचायचं असं धरून उलटं मोजत या आणि मागे फिरायची वेळ ठरवून टाका. ती वेळ झाली की माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी वळायचं. यावर वाद घालायचा तर घरी घाला. वर गार वाऱ्यात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

हवामानाचा अंदाज बघताना पायथ्याचं तापमान बघून खूश होऊ नका. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी पारा उतरतो. पण थंडीपेक्षा वारा वाईट. उणे ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १४ सारखं लागतं. वाऱ्याचा वेग बघा आणि दिशाही टिपून ठेवा. एक तर परतताना तो तोंडावर येणार की पाठीवर ते कळतं, आणि दुसरं कारण हिमस्खलनाचं, ते पुढे.

कपड्यांबद्दल इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आटोपतो. सुती काही नको, आतला बनियनसुद्धा नको. सूत घाम पिऊन बसतं, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब बाहेर नेतं. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये फ्लीस, वर वारापाणी अडवणारं जॅकेट. थांबल्यावर चढवायला एक जाड जॅकेट सॅकमध्ये. ते पिसांचं असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण भिजलेली पिसं गोळा होऊन बसतात आणि मग त्यांचा उपयोग शून्य. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर एक थर काढा, नाहीतर पहिल्याच चढाला आतून भिजाल. कानटोपी, गळपट्टी, झालं.

आता हातमोजे.

आम्ही दोघंच होतो. धारेवर पोचलो तेव्हा वारा उजवीकडून येत होता. बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे दात, म्हणजे क्रॅम्पॉन, त्यातल्या माझ्या उजव्याचा पट्टा सैल झाला होता. जाड हातमोज्यात पट्ट्याचं टोक धरता येईना, म्हणून मी उजवा हातमोजा काढला, काखेत धरला आणि वाकलो. वाकलं की काख सुटते हे शाळकरी पोरालाही कळेल. हातमोजा बर्फावर पडला, एकदा उलटला आणि निरोप घेतल्यासारखा पंजा हलवत उतारावरून निघून गेला. दोन-तीन सेकंदांचा खेळ. मी त्याच्यामागे धावलो नाही, त्या दिवशी केलेली शहाणपणाची गोष्ट ती एकच.

मग सॅकच्या वरच्या कप्प्यात दुसरी जोडी चाचपली. ती कुठे होती ते तुम्हाला माहीत आहेच.

उघडा हात मी खिशात घातला. पण धारेवर एका हातात आइस-ॲक्स, म्हणजे बर्फात रुतवायची कुऱ्हाड, लागते, तोल सावरायला दुसराही हात बाहेर काढावा लागतो. आधी बोटं ठणकली. मग ठणका थांबला आणि मला बरं वाटलं, चला, हात सरावला! तो सरावला नव्हता, बधिर झाला होता. अर्ध्या तासाच्या आत मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट पेरापर्यंत मेणबत्तीसारखं पांढरं आणि तसंच टणक लागायला लागलं. खिंडीत थांबलो. सॅकचं बकल काढायला अंगठा आणि बोट एकमेकांकडे दाबावी लागतात. मी दाबत होतो आणि ती येत नव्हती. मित्राने बकल काढून दिलं. थर्मासमध्ये वाफाळता चहा होता, झाकण फिरवता येईना. जाड जॅकेट होतं, त्याची चेन लावता येईना. नकाशा, होकायंत्र, टॉर्च, सगळं यादीबरहुकूम पाठीवर होतं. ते वापरायला हात नव्हते, एवढंच.

शेवटी मित्राला माझ्या सॅकमध्ये लोकरीचे जादा पायमोजे सापडले आणि त्यातला एक त्याने माझ्या हातावर चढवला. हातमोजे नव्हते म्हणून हातात मोजे. दिसत होतं हास्यास्पद, पण बोटं वाचली ती त्यामुळेच. टोकं पुढे दोन महिने बधिर होती, आणि अजूनही थंडी पडली की घरात सगळ्यात आधी त्या दोन बोटांना कळतं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे दुसरी जोडी 'बघू, वजन होतंय' म्हणून काढून ठेवणार नाही. अंग गार पडायला लागलं की शरीर छाती-पोटातली ऊब राखायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं. बोटं मुळात बारीक, आकाराच्या मानाने त्यांची कातडी फार, त्यात रक्त आटलं की ती पटकन जातात. म्हणून अंगावर एक थर कमी असला तरी त्याची किंमत बोटं मोजतात. आणि म्हणूनच पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा मिटन, म्हणजे चार बोटांना एकच घर आणि अंगठा वेगळा असा प्रकार, जास्त उबदार.

माझी आताची पद्धत सांगतो. आतून पातळ हातमोजे, ते दिवसभर काढायचेच नाहीत. बकल, चेन, पट्टे ही सगळी बारीक कामं त्यांनीच करायची. त्यावर जाड, पाणी अडवणारे. आणि मिटनची एक अख्खी जोडी राखीव, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, सॅकच्या वरच्या कप्प्यात. तळाशी नाही. तळातून काढायला सगळी सॅक उपसावी लागते, आणि उपसायला हातच लागतात. जाड हातमोज्यांना मनगटाला अडकवायची दोरी लावा. लहान मुलांच्या हातमोज्यांना असते तशी. लाज कसली त्यात? काढलेला हातमोजा जॅकेटच्या आत, छातीशी. काखेत नाही, दातात नाही, बर्फावर तर नाहीच. माप किंचित मोठं घ्या, कारण घट्ट हातमोजा रक्त अडवतो आणि असून नसल्यासारखा होतो. लोखंडाच्या भुकटीच्या गरम होणाऱ्या पुड्या मिळतात, त्या न्यायला हरकत नाही. मात्र त्या हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात, त्यामुळे गरज पडण्याच्या थोडं आधीच फोडाव्या लागतात. आणि त्या म्हणजे दुसरी जोडी नव्हे.

घरी एक रंगीत तालीम करा. सगळे हातमोजे घाला आणि सॅकचं बकल, जॅकेटची चेन, थर्मासचं झाकण, टॉर्चचं बटण एकेक करून बघा. जी चेन पकडता येत नाही तिला बोटभर दोरीचा फास लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

बोट पांढरं पडलंच तर चोळू नका, आणि बर्फाने तर अजिबात नको. बर्फ चोळायचा सल्ला नेपोलियनचा शल्यविशारद लारे याने १८१२ च्या रशियातल्या माघारीनंतर दिला आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं लोकांनी तो इमानेइतबारे पाळला. गोठलेली कातडी घासल्याने आणखी फाटते, बाकी काही होत नाही. नुसतं टोक पांढरं असेल तर स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पोटाशी धरा. बोट खोलवर टणक झालं असेल आणि अजून बरंच चालायचं असेल तर वाटेत वितळवू नका, कारण वितळून पुन्हा गोठलं तर नुकसान कितीतरी जास्त. नीट कोरडं झाकून खाली आणा. मग ३७ ते ३९ अंशांचं कोमट पाणी आणि डॉक्टर.

पायांचं त्यामानाने सोपं. बूट घालणारच आहात. आत अंगठा हलायला जागा हवी, दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका. पोटरीवर गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण, चढवा, नाहीतर बर्फ वरून बुटात जातो. लोकरीचे जादा पायमोजे घ्या. का, ते वर आलंय.

क्रॅम्पॉन विकत घेतले असोत की भाड्याचे, आपल्याच बुटाला घरी लावून बघा. सगळे क्रॅम्पॉन सगळ्या बुटांना बसत नाहीत, मऊ तळाच्या बुटावरून कडक क्रॅम्पॉन ऐन उतारावर निसटतात. आणि लावून बघा ते हातमोजे घालून. पुन्हा सांगतो, हातमोजे घालून. पट्टे त्याच वेळी घट्ट करा, लोंबणारी टोकं खोचून टाका, म्हणजे धारेवर वाकायची वेळ येणार नाही. उतार टणक होण्याच्या आधी, सपाट जागा बघून चढवायचे. घसरायला लागल्यावर 'आता लावू' म्हणणाऱ्याला लावता येत नाहीत. बुटावर चढवायची रबरी, छोट्या दातांची जाळी सपाट घट्ट वाटेला ठीक, तिरक्या उताराला नाही. आइस-ॲक्स हातात धरायची वस्तू आहे. सॅकला लटकवून नेली तर नुसतं वजन. घसरल्यावर तिचं टोक बर्फात रुतवून, त्यावर छातीचा भार टाकून थांबायचं कसं हे आधी शिका, तेही जिथे खाली लांब सपाटी आहे, दगड नाहीत, अशा उतारावर आणि शिकवणाऱ्यासमोर. वाचून येत नाही. चालायच्या काठीने ते काम होत नाही.

डोळे. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ऊन खालूनही लागतं. ढगाळ आहे म्हणून चष्मा खिशात ठेवलात तर संध्याकाळी, सगळं संपल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. बाजूंनी झाकणारा गडद चष्मा घ्या आणि उडत्या बर्फासाठी गॉगल. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही.

पाणी बाटलीत, आणि बाटली सॅकमध्ये उलटी. बर्फ आधी पृष्ठभागावर धरतो, उलटी ठेवली की तो बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. नळीने प्यायची पिशवी थंडीत बिनकामाची, पहिल्यांदा नळीच गोठते. गरम चहाचा थर्मास, झाकण हातमोज्यात फिरवता येईल असा. खाणं भरपूर, आणि आधीच छोटे तुकडे करून खिशात. चॉकलेटचा बार गोठला की दगड होतो, आणि त्याचं वेष्टन फाडायला कोण हातमोजे काढणार? दारू नको. ती कातडीकडे रक्त सोडते, त्यामुळे ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली ऊब निघून जाते.

वाट. फोनमध्ये नकाशा असू द्या, पण थंडीत बॅटरी झरझर उतरते आणि पडद्याला बहुतेक हातमोजे कळत नाहीत. फोन आतल्या खिशात, अंगाशी. कागदी नकाशा पारदर्शक पिशवीत, गळ्यात. होकायंत्र फोनपासून लांब, नाहीतर काटा भरकटतो. ते वापरता येत नसेल तर नेऊन काय उपयोग, आधी शिका. ढग खाली उतरले की आभाळ आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होतात, पुढचं पाऊल चढावर आहे की हवेत ते दिसत नाही. अशा वेळी बर्फाचा गोळा करून पुढे टाकायचा. तो पडलेला दिसला तर तिथे जमीन आहे. नाहीसा झाला तर थांबा. धारेच्या कडेला वारा बर्फाचे छज्जे बांधतो. वरून ती पक्की जमीन वाटते, खाली काही नसतं, आणि छज्जा मोडतो तेव्हा कडेपासून बराच मागे मोडतो. लांब राहा, पुढच्याची पावलं कडेने गेली असली तरी.

हिमस्खलन. मोठी, बोडकी, ३० ते ४५ अंशांची तिरकी बाजू दिसली की मनात घंटा वाजली पाहिजे, बहुतेक स्खलनं याच उतारांवर होतात. नकाशावर समोच्च रेषा दाट कुठे आहेत ते आदल्या रात्रीच बघा. नुकताच भरपूर बर्फ पडला असेल, जोराचा वारा झाला असेल किंवा एकदम उबारा आला असेल तर धोका वाढतो. वारा ज्या बाजूने वाहिला त्याच्या पलीकडच्या उतारावर बर्फ साचून लादी तयार होते, दिशा टिपायला सांगितली ती याचसाठी. पायाखाली 'धप्प' आवाज करून बर्फ खचला किंवा भेगा पळत गेल्या तर चर्चा नको, आल्या वाटेने मागे. धोक्याच्या सूचना १ ते ५ अशा आकड्यांत येतात. ३ हा मधला आकडा आहे म्हणून मध्यम समजू नका, जीव जातात त्यातले पुष्कळ ३ ला. बहुतेक वेळा ती लादी सुटते ती त्यात अडकलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने. या नवख्या दिवशी अशा उतारांवर जायचंच नाही, असं मी तरी ठरवलंय.

हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी. साध्या अल्कलाइन सेलपेक्षा लिथियमचे थंडीत बरे टिकतात. जादा सेल घ्या, पण ते अंधारात, वाऱ्यात, बधिर बोटांनी बदलायचे आहेत हे लक्षात ठेवा. मला विचाराल तर जादा सेलपेक्षा जादा टॉर्चच घ्या, आणि तिच्या शेजारी जादा हातमोजे. शिट्टी प्लॅस्टिकची, धातूची ओठाला चिकटते. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा सहा झोत, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. अंगाभोवती गुंडाळायची मोठी पिशवी, बसायला फोमचा तुकडा, प्रथमोपचार. कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे घरच्या कुणाला तरी लिहून द्या. वाट बदललीत तर तेही कळवा.

सकाळ. अंदाज पुन्हा बघा. फोन पूर्ण भरलेला. दारातून पाय बाहेर टाकण्याआधी सॅकचा वरचा कप्पा उघडा, हात घाला, राखीव जोडी बोटांना लागली पाहिजे. डोळ्यांनी बघून खूण करू नका, मी तेच केलं होतं. सोबत्यालाही त्याचा कप्पा उघडायला लावा. तो हसेल, हसू दे.

चालताना: दर तासाला खा, भूक नसली तरी. थंडी वाजायच्या आधी थर चढवा. एकमेकांची नाकं, गाल बघत राहा, पांढरा डाग स्वतःला दिसत नाही. कुणी अडखळायला लागला, शब्द चावायला लागला, उगाच चिडायला लागला तर ती अंगातली ऊब ३५ अंशांखाली गेल्याची लक्षणं असू शकतात. वारा लागणार नाही अशा जागी न्या, ओलं काढा, कोरडं घाला, गोड खायला-प्यायला द्या. हुडहुडी थांबली आणि तरी माणूस सुस्त असेल तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, ताबडतोब मदत बोलवा. ठरलेली वेळ झाली की वळा.

उतरताना गुडघे थकलेले, लक्ष घरी. जास्त घसरतात ते इथे. क्रॅम्पॉन घाईने काढू नका. पोचलात की घरी कळवा.

परत आल्यावर बुटातले तळ काढून वाळवा, क्रॅम्पॉन आणि ॲक्स पुसा नाहीतर गंजतील, सॅक रिकामी करून उलटी टांगा. हातमोजे वाळत घाला, पण खिडकीशी नको, सॅकच्या हुकालाच. वाळले की पिशवीत, पिशवी वरच्या कप्प्यात. दोन्ही जोड्या.